अक्काची किडनी माझ्यात होती तेव्हा

जामनेरच्या एका कापूस व्यापाऱ्याला सुरतेचा नंबर हवा होता आणि मी त्याला नशिराबादच्या एका लग्नघराशी जोडून दिलं. तो बिचारा भाव विचारतोय आणि पलीकडचे त्याला वऱ्हाडी किती येणार ते विचारताहेत. दोघं चांगली दोन मिनिटं बोलले. मी जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून ते सगळं ऐकत होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. उलट फार गोड वाटत होतं. सुपरवायझर बाईंनी येऊन माझ्या हातातली वायर काढून घेतली, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहून हसले म्हणे.

हे १९८७ सालचं. त्या दिवसांत मी धड जागीही नसायचे आणि धड झोपेतही नसायचे. दुपारी बोर्डासमोर बसलं की दिवे लागायचे, विझायचे, आवाज एकमेकांत मिसळायचे, आणि वाटायचं की सगळा खानदेश माझ्या कानात बसून निवांत गप्पा मारतोय. तोंडाला सतत लोखंडाची चव असायची. सकाळी पापण्या सुजायच्या, संध्याकाळी पाय. पाटल्या मनगटात रुतायच्या. वर उलट्या.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्यामुळे उलट्या सुरू झाल्यावर सगळ्यांनी आपल्या मनासारखा अर्थ काढला. शेजारणी चिंचा आणून देऊ लागल्या. सासूबाईंनी मला बादली उचलू देणं बंद केलं. मीही, खरं सांगते, त्या गुंगीला डोहाळेच समजत होते.

दवाखान्यात आम्ही दोघं मनातून पेढे वाटायच्या तयारीनेच गेलो. माझे यजमान जिल्हा परिषदेत कारकून. त्यांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, मग रक्त-लघवी तपासायला पाठवली. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन गेलो तर आधी आम्हाला बसायला सांगितलं. दोन्ही किडन्या आकसून गेल्यात, लघवीवाटे जायचं विष रक्तात साठलंय, म्हणून ही सूज, या उलट्या, ही झोप. यांनी विचारलं, "मग बाळ?" डॉक्टरांनी मान हलवली; बाळ नव्हतंच. मला राग आला तो यांच्या नव्या शर्टाचा. सबंध आजारपणात तेवढा राग मला दुसऱ्या कशाचाच आला नाही.

दोंडाईचा स्टेशन

तेव्हा आमच्याकडे रक्त शुद्ध करणारं यंत्र नव्हतं. गुजरातमधल्या एका मोठ्या रुग्णालयात जा, तिथे डायलिसिसही होतं आणि किडनीही बदलतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुरतेची गाडी दोंडाईच्यावरून जाते. माझं माहेर तिथून जवळच्या एका खेड्यात, आणि माझी थोरली बहीण, अक्का, तिथून दोन कोसांवर दिलेली. आम्ही त्या गाडीने जाणार हे कळवलं होतं. म्हणून अक्का आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, भाकरीचं गाठोडं घेऊन फलाटावर उभे होते.

गाडी थांबली. यांनी खिडकीतूनच दाजींना सांगितलं की किडनी नात्यातल्याच कुणाची तरी लागणार आहे. अक्काने ते ऐकलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचं गाठोडं तिने खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं, वळसा घालून दारातून आत आली आणि माझ्याशेजारी बसली. गाडी हलली तरी ती उतरेना. जवळ तिकीट नाही, नेसायला दुसरं लुगडं नाही. दाजी गाडीबरोबर थोडं चालले आणि मग थांबले. मी म्हटलं, अक्का, उतर.

"आते कसाले उतरू?" ती म्हणाली. "तू येकली जाशी का?"

माझे यजमान समोरच्या बाकावर बसलेले असताना ती हे म्हणाली. ते अजूनही त्यावरून थट्टा करतात, की त्या दिवशी मी गाडीत नव्हतोच.

दाजी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तिचं लुगडं घेऊन आले. माय, म्हणजे आमची आई, तिसऱ्या दिवशी आली. दोघींचं रक्त तपासलं. दोघींचं जुळलं, अक्काचं जास्त जुळलं, आणि तिचं वयही पस्तिशीचं. डॉक्टरांनी तिलाच निवडलं. मला फार हलकं वाटलं. ते वाटायला नको होतं, कारण मला एक गोष्ट माहीत होती.

आखाजी

ती सांगायची तर तीन वर्षं मागे जायला हवं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरस होतो. आणि आणखी एक गोष्ट होते, जिचं गाणं कुणी करत नाही. वर्षभर सासरी जे काही दुखलंखुपलं असेल ते बाया तेव्हा माहेरी निस्तरून घेतात. दाढ काढायची तर तेव्हा, अंगावरून जात असेल तर त्याचं औषध तेव्हा. सासरी आपल्या दुखण्याचा बभ्रा नको. माहेरच्या माणसांनीही त्याची वाच्यता करायची नाही.

त्या आखाजीला झोक्यावरून उतरल्यावर अक्काने मला आणि मायला ओसरीत नेलं आणि सांगितलं की तिच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ झाली आहे. मायने तिला दोंडाईच्याच्या डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत गेले. त्यांनी गाठ काढली, एका बाटलीत औषधाच्या पाण्यात घातली आणि सांगितलं की ही धुळ्याला तपासायला द्या, उशीर करू नका. मी धुळ्यावरूनच जळगावला परतणार होते. बाटली माझ्या पिशवीत गेली.

मायला ते मुळीच पटेना. "पोरना आंगना तुकडा बाटलीमा टाकीसन यष्टीमा फिराडतस का?" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शिवाय धुळ्याला चिठ्ठीवर नाव लिहावं लागणार, तेही सासरचं, आणि धुळ्यात अक्काच्या सासरचे निम्मे पाव्हणे. गाठ तर निघाली, आता आणखी काय पाहायचं? मी शिकलेली, सरकारी नोकरी करणारी बाई. मी ठाम राहायला हवं होतं. मायने हात पुढे केला आणि मी पिशवीतून बाटली काढून तिच्या हातावर ठेवली. कारण एसटीच्या धक्क्यांनी तिचं झाकण निघेल आणि लोक विचारतील, याची मलाही भीती वाटत होती. इतकं साधं कारण. मायने ती नाल्याच्या काठी पुरली. दाजी न्यायला आले तेव्हा गळू फुटलं होतं असं त्यांना सांगितलं, आणि आम्ही तिघी ते विसरून गेलो.

विचारलेला प्रश्न

ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मृदू बोलणारे गुजराती गृहस्थ, मराठी कळायचं त्यांना. त्यांनी अक्काला विचारलं, पूर्वी काही मोठा आजार? ऑपरेशन? कुठे गाठ वगैरे?

आमच्याकडे बाईला विचारलेल्या प्रश्नाला तिचा नवरा उत्तर देतो. दाजींनी दिलं. "नाही साहेब, हिला कधी साधा ताप नाही आला," असं ते म्हणाले, आणि अगदी अभिमानाने म्हणाले. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नंतर बाई डॉक्टरांनी तपासताना व्रण पाहिला तेव्हा अक्काने गळू झालं होतं असं सांगितलं. छातीचा फोटो स्वच्छ आला. कागद पूर्ण झाले.

मी तेव्हा गुंगीत होते असं म्हणून सुटता येईल. पण तसं नव्हतं. आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं आणि माझं डोकं लख्ख होतं. मला गाठ आठवली, बाटली आठवली, आणि मला जगायचं होतं.

पाणी

ऑपरेशननंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पांढरा पडदा हलतो, कुणीतरी माझं वजन करतं, कुणीतरी पिशवीतली लघवी मापाने मोजतं आणि मोठ्याने आकडा सांगतं, आणि तो ऐकून खोलीतले सगळे खूश होतात. मला हसू यायचं. एवढं कौतुक मी मॅट्रिक पास झाले तेव्हाही झालं नव्हतं.

कित्येक महिने मी दिवसाला मोजून दोन पेले पाणी पीत होते. तिसऱ्या दिवशी नर्सने भरलेला तांब्या पुढे केला आणि म्हणाली, हवं तेवढं प्या. मी प्यायले, आणखी प्यायले आणि रडले. ज्यांनी कधी मोजून पाणी प्यायलेलं नाही त्यांना हे समजावता येणार नाही, आणि ज्यांनी प्यायलंय त्यांना सांगायची गरज नाही.

दुपारी पडदा ओढला की मी आणि अक्का लिंबाच्या एकाच झोक्यावर बसलेल्या असायचो. ती उभी राहून झोका चढवायची, मी बसलेली. खाली अंगण नव्हतं, काहीच नव्हतं, नुसता पिवळा उजेड होता. जाग आली की पलीकडच्या खोलीतून अक्काच्या खोकल्याचा आवाज यायचा. बरगडीखालच्या टाक्यांमुळे तिला धड खोकताही येत नसे. दाजी धर्मशाळेत स्टोव्हवर तिच्यासाठी स्वतः भाकरी थापायचे आणि त्या नकाशासारख्या भाकरी ती आनंदाने खायची.

सुट्टी देताना डॉक्टरांनी औषधं समजावून सांगितली. शरीराचा एक पहारेकरी असतो, तो परकं काही आत आलं की हाकलून देतो. बहिणीची असली तरी किडनी त्याला परकीच. म्हणून या गोळ्यांनी त्याला जन्मभर झोपवून ठेवायचं. मी मान हलवली. झोपेतलं मला सगळं लवकर कळायचं.

पाच वाजता येणारी जाग

जवळजवळ अडीच वर्षं मी त्या किडनीवर जगले, आणि ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. मी पुन्हा बोर्डावर बसले. चेहरा गोळ्यांनी गोल झाला, ओठांवर लव आली, ती मी आरशात पाहून मिशीला पीळ देत असे. हे हसायचे.

मी जन्माची आळशी. अक्का मात्र पहाटे पाचला उठून अंगण झाडणारी. किडनी आल्यापासून मला बरोबर पाचला जाग येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी झोप कमी होते. मी बरं म्हटलं, पण मनातून मला ते पटलं नाही. नवी किडनी पोटात पुढच्या बाजूला बसवतात, उजवीकडे खाली. हात ठेवला की लागते. दुपारची रजा असली की मी खाटेवर पडून तिथे हात ठेवायचे आणि अक्काशी बोलायचे. आज नळाला पाणी आलं नाही अक्का, आज सासूबाईंनी लोणचं घातलं अक्का. बोलता बोलता डोळा लागायचा. असं वाटायचं की तीही आत पाय पसरून पडली आहे आणि हुंकार देते आहे.

तेव्हा आत ती एकटी नव्हती, हे मला आता माहीत आहे.

धुळ्याहून आलेला कॉल

एका दुपारी धुळ्याहून माझ्याच नावाचा ट्रंक कॉल आला आणि तो मीच मला जोडून घेतला. दाजी होते. अक्काची पाठ दोन महिने दुखत होती, कापूस वेचून भरली असेल म्हणून शेकत होते, शेवटी धुळ्याला आणलं तर मणक्यात कॅन्सर निघाला. तो मणक्यातला नाही, आणखी कुठून तरी आलाय असं डॉक्टर म्हणतात, आणि कुठून ते त्यांना कळत नाही. दाजी मला विचारत होते, कुठून आला असेल हो?

मला माहीत होतं कुठून ते. मी म्हटलं, येते मी. तीन मिनिटं संपली आणि कॉल तुटला.

त्याच महिन्यात गुजरातला माझी तपासणी होती. दाजी अक्काचे कागद मोठ्या डॉक्टरांना दाखवायला आमच्याबरोबर आले. माझ्या पोटाची सोनोग्राफी करणारा माणूस एकाच जागी यंत्र फिरवत राहिला. किडनीत एक सावली होती. तीन वर्षांपूर्वीच्याच खोलीत आम्ही बसलो, भिंतीवर नवं कॅलेंडर होतं. डॉक्टरांनी अक्काचे कागद वाचले, माझा फोटो उजेडात धरला, आणि विचारलं की तुमच्या बहिणीला आधी कधी गाठ झाली होती का.

दाजी नाही म्हणायला लागले. मी म्हटलं, "झाली होती." आणि मग थांबताच येईना. आखाजी, डावी छाती, बाटली, नाला, मायचा हात, माझा हात, गळू. सगळं सांगितलं. याच खोलीत तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, हेही सांगितलं.

यांनी माझा हात सोडला. थोड्या वेळाने पुन्हा धरला, पण सोडला होता हे मला कळलं. दाजी उठून बाहेर गेले. मी मागे गेले तर ते पाण्याच्या नळापाशी नुसते उभे होते. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, मी काय तिला घराबाहेर काढणार होतो का?"

डॉक्टर काय म्हणाले

हे मी नीट लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणी किडनी देणार असेल, कुणी घेणार असेल. कॅन्सर हा शिवून, एका ताटात जेवून होत नाही. आमच्या गल्लीत पुढे लोक माझं भांडं वेगळं ठेवू लागले, ते अडाणीपण. पण अक्काच्या छातीतल्या गाठीचे काही कण तिच्या अंगात लपून राहिले होते. ते किडनीबरोबर माझ्यात आले, आणि माझा पहारेकरी गोळ्यांनी झोपवलेला असल्यामुळे त्यांना कुणी हटकलं नाही. सुई घालून तपासलं तेव्हा तेच निघालं. डॉक्टर म्हणाले की हे फार क्वचित होतं, त्यांनी स्वतः आजवर पाहिलं नव्हतं. म्हणून भिऊन कुणी अवयव द्यायचं-घ्यायचं सोडू नये. फक्त विचारतात तेव्हा खरं सांगावं.

उपाय एकच. किडनी काढून टाकायची आणि गोळ्या बंद करायच्या. पहारेकरी जागा झाला की अक्काचं जे काही माझ्यात आहे ते सगळं परकं म्हणून हाकलून देईल. तो ते करू शकेल, कारण तो कॅन्सर माझा नव्हता. अक्काच्या बाबतीत हे होणार नव्हतं. तिच्या अंगाला तो परका नव्हता.

मी म्हटलं, आधी मला धुळ्याला जाऊ द्या.

अक्का

धुळ्याच्या दवाखान्यात ती खिडकीजवळच्या खाटेवर होती, कुशीवर. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवरून सरकत सरकत माझ्या मांडीवर आला, इतका वेळ मी तिचे पाय चेपत बसले. तिला गुंगीचं औषध चालू होतं. ती आता ज्या जागी होती ती मला ओळखीची होती, धड जागीही नाही आणि धड झोपेतही नाही. मला वाटलं की तशा अवस्थेत माणूस खोटं बोलू शकत नाही, म्हणून मीच बोलले. म्हटलं, अक्का, त्या खोलीत तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तोंड फिरवलं. मला जगायचं होतं म्हणून मी गप्प बसले.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मी तुन्हाकडे दखं ते तू बोलू नको म्हनीसनच. मी सांगती तर त्या माले काढी देतात, नि तू मरी जाती."

तीन वर्षं मी त्या नजरेला भीत होते. ती मला दोष देत नव्हती, गप्प राहा म्हणत होती. मला त्याने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तिच्या उशाशी डोकं टेकून रडले, आणि ती माझ्या पोटाकडे, उजवीकडे खाली, पाहत राहिली.

"काढी टाक," ती म्हणाली. "मन्ही शे म्हनीसन ठेवू नको."

मी गेले आणि काढून टाकली. गोळ्या बंद झाल्या. शरीर जागं झालं ते संतापूनच; आठवडाभर ताप उतरत नव्हता. त्या तापात पुन्हा झोका होता, पण या वेळी मी उभी राहून तो चढवत होते आणि बसायची फळी रिकामी होती. त्याच आठवड्यात अक्का गेली. मला ते दहा दिवसांनी सांगितलं. मी यांना म्हटलं, मला कळलं होतं. ते खरं नव्हतं. मला काहीच कळलं नव्हतं.

मायने सांगितलं ते

पुढची दोन वर्षं मी नाशिकला नणंदेकडे राहून तिथल्या यंत्रावर डायलिसिस करून घेत होते. मंगळवार आणि शुक्रवार. दर तपासणीत फोटो स्वच्छ येत गेला. दोन वर्षं झाल्यावर गुजरातच्या डॉक्टरांनी पत्र पाठवलं की आता नवी किडनी देता येईल, नात्यात कुणी आहे का.

माय तयारच होती. अक्का गेल्यापासून ती फारशी बोलत नसे. बाटलीचं नाव तिने एकदाही काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. "मन्ही ल्या," एवढंच म्हणाली आणि पिशवी भरून जळगावला आली; तिथून आम्ही गाडी धरली. दाजीही बरोबर आले. माझ्या प्रत्येक तपासणीला ते येत असत; का, ते आम्ही विचारलं नाही. गाडीत मायने त्यांना विचारलं की डॉक्टर कशा कशाला नाही म्हणतात. दाजींनी समजावून सांगितलं: मधुमेह, रक्तदाब, गाठ, कुठून रक्त जात असेल तर, तसलं काही असलं की घेत नाहीत. ती खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. वाटेत दोंडाईचा आलं आणि गेलं.

पुन्हा तीच खोली. डॉक्टरांनी तिला विचारलं, आजी, पूर्वी काही आजार, ऑपरेशन? मी नेहमीप्रमाणे यांच्याकडे पाहिलं, कारण उत्तर ते देणार. यांनी तोंड उघडलं आणि मायने हाताने त्यांना थांबवलं.

मग ती बोलत राहिली. लहानपणीचा गोवर. हिवताप, तीनदा. अक्काच्या आधी मेलेलं जन्मलेलं एक मूल आणि माझ्यानंतर पडलेलं एक, ज्याबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. दाढा कधी पडल्या, गुडघा कधी सुजला. दोन जावई शेजारी बसलेले. आयुष्यभर जावयांपुढे तिने पदर खाली येऊ दिला नव्हता. डॉक्टर लिहीत होते. मध्ये एकदा ते हसलेही आणि म्हणाले, बास आजी, पुष्कळ झालं. तिने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

"आखो येक शे," ती म्हणाली. "पाळी जाईसन धा वरीस व्हई ग्यात. तरीबी दोन महिनापाईन रगत जास."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या एका वाक्याने तिची किडनी गेली, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तिला तर गाडीतच कळलं होतं.

तपासणीत गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. पिशवी काढून टाकली की बाई बरी होईल, असं बाई डॉक्टर म्हणाल्या, आणि तसंच झालं. माय पुढे साठी ओलांडूनही हिंडतीफिरती राहिली. पण ते पुढचं. त्या दुपारी रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ती रडत होती. मला वाटलं घाबरली. मी तिला सांगितलं, माय, तू बोललीस म्हणून वाचलीस. तिने मान हलवली आणि माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आनि तू?" तिने विचारलं.

मी नोकरीत आणि सासरी वीस माणसांशी वीस तऱ्हांनी बोलते, पण मायशी बोलताना माझी भाषा तिचीच होते.

"मंगळवार नि शुक्करवार मशीनवर जासू," मी म्हटलं. "बाकीना पाच दिन मी शे ना, माय."